दूध आणायलाही गाडी

टेक्सासमधलं अर्लिंग्टन हे शहर डॅलस आणि फोर्ट वर्थ यांच्या बरोबर मध्ये आहे. २०२० च्या जनगणनेत इथली वस्ती चार लाखांच्या जवळ पोचली, म्हणजे लातूर जिल्ह्यातल्या आमच्या अहमदपूरच्या आठ-नऊपट. ऐंशी हजार माणसं बसतील असं स्टेडियम इथं आहे, मोठं विद्यापीठ आहे, जनरल मोटर्सचा कारखाना आहे. मात्र ठरलेल्या मार्गावर, ठरलेल्या वेळेला धावणारी शहराची बस नाही. लग्न होऊन मी इथं आले तेव्हा हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी त्याचा अर्थ कळला नसता. बस नाही तर नाही, चालत जाऊ, असंच वाटलं असतं.

अहमदपुरात ‘चालत जाऊ’ असं कुणी ठरवत नाही, माणसं नुसती निघतात. आई संध्याकाळी पिशवी घेऊन निघाली की एका फेरीत चार कामं उरकून यायची. मेडिकलमधून आज्जीच्या गोळ्या, टेलरकडं टाकलेला ब्लाऊज, भाजीवाल्या मावशीकडून मेथीची जुडी, दुधाच्या पिशव्या, आणि येताना देवळात दोन मिनिटं टेकणं. वाटेत कुणाच्या सुनेला दिवस गेलेत आणि कुणाचं सोयाबीन अजून शेतातच उभं आहे, हेही कळायचं. मी शाळकरी असताना घरून चिठ्ठी घेऊन किराणा दुकानात जायचे. दुकानदारकाका सामान बांधून द्यायचे आणि वहीत मांडून घ्यायचे. शाळा पायी, शिकवणी पायी, पुढं महात्मा गांधी महाविद्यालयातलं शिक्षणही पायीच झालं. आमच्या गावाला रेल्वे नाही. लातूर-नांदेडला जायचं तर एसटी, बाकी सगळं पायांवर. वडिलांची मोटारसायकल होती, पण ती त्यांच्या कामाची. घरातलं कुठलंही काम तिच्यावाचून अडत नव्हतं.

चालणं आमच्याकडं कामापुरतंच असतं असंही नाही. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, लातूर जिल्ह्यातली गावं ओस पडतात आणि माणसं आंबिल, भज्जी घेऊन शेताच्या वाटेला लागतात. कार्तिकी पौर्णिमेला मन्मथस्वामींच्या कपिलधारला पायी दिंड्या जातात. अशा भागात वाढलेल्या मुलीला दीड किलोमीटर हे अंतर वाटतच नाही.

आमचं अपार्टमेंट अर्लिंग्टनच्या दक्षिण भागात, कूपर स्ट्रीटच्या जवळ. गॅलरीत उभं राहिलं की पलीकडच्या किराणा दुकानाची पाटी दिसायची. पहिल्याच आठवड्यात दूध संपलं. नवरा ऑफिसला जाताना म्हणाला होता, “संध्याकाळी गाडीनं आणू.” पण दुकान तर डोळ्यांसमोर होतं. पिशवी घेतली, पायात चपला घातल्या आणि मी निघाले.

आवाराचं फाटक गाड्यांसाठी होतं. गाडी जवळ आली की ते आपोआप सरकायचं. पायी माणसासाठी वेगळं दार कुठं आहे ते मला सापडेना, म्हणून एका गाडीच्या मागोमाग मी बाहेर पडले. बाहेर फुटपाथ होता. रुंद, सिमेंटचा, झाडून ठेवल्यासारखा स्वच्छ. त्यावर हातगाडा नाही, उभी मोटारसायकल नाही, आणि माणूसही नाही. थोडं पुढं गेले आणि एका दुकानाच्या हद्दीपाशी तो फुटपाथ संपला. खड्डा नव्हता, काम चालू असल्याची पाटी नव्हती, तो तिथंच संपत होता. पुढं गवताचा उतार, आणि त्या गवतातून पायांनी पडलेली एक बारीक मळवाट. ती पाहून मला धीर आला. म्हणजे इथून कुणीतरी चालतं. पुढं ओळख वाढली तशी ती माणसंही कळली. हॉटेलांच्या भटारखान्यात काम करणारी, दुकानांत साफसफाई करणारी, विद्यापीठात शिकणारी, ज्यांना गाडी परवडत नाही अशी. फुटपाथ संपला तरी त्यांचं काम थांबत नव्हतं, म्हणून गवतात वाट पडली होती.

मग चौक आला. कूपर स्ट्रीटला दोन्हीकडच्या मिळून सहा लेन, शिवाय वळणाऱ्या गाड्यांची लेन वेगळी. पादचाऱ्यानं खांबावरचं बटण दाबायचं आणि थांबायचं. ते मला माहीत नव्हतं. दिवे दोनदा बदलले तरी माझा दिवा लागेना. शेवटी पलीकडून येणाऱ्या एका पोरानं बटण दाखवलं. चालणाऱ्या माणसाचं पांढरं चित्र उजळलं, मी पाऊल टाकलं, आणि बघता बघता आकडे उलटे मोजायला लागले. रस्ता अर्धाच झाला होता आणि आकडा एकेरीत आला होता. एवढ्यात उजवीकडं वळणारी एक गाडी माझ्या अगदी पुढ्यात येऊन थांबली. चालवणाऱ्या माणसाचं डोकं डावीकडं होतं.

तो माणूस तिकडं का बघत होता, ते मला फार नंतर समजलं. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी लाल दिवा असतानाही, थांबून, वाट मोकळी बघून उजवीकडं वळता येतं. सत्तरच्या दशकात तेलाची टंचाई झाली तेव्हा चौकात उभं राहून इंधन वाया जाऊ नये म्हणून हा नियम देशभर पसरला. वळणाऱ्याला भीती डावीकडून येणाऱ्या गाड्यांची, म्हणून नजर तिकडं. पायी माणूस मात्र त्याच्या उजव्या हाताला उभा असतो.

रस्ता ओलांडला म्हणजे दुकान आलं, असंही झालं नाही. दुकानापुढं गाड्या लावायचं भलं मोठं मैदान होतं, शेतातल्या तासांसारख्या पांढऱ्या पट्ट्या मारलेलं. त्यातून पायी जायला आखलेली वाट नव्हती. मागे सरकणाऱ्या गाड्यांमधून वाट काढत मी दारापाशी पोचले. आत दुधाचं कपाट माझ्या उंचीपेक्षा मोठं, आणि दूध गॅलनच्या कॅनमध्ये. एक गॅलन म्हणजे पावणेचार लिटर. लहान बाटल्याही होत्या, पण भाव बघितला तर मोठा कॅन घेणंच परवडत होतं. तांदळाची पिशवी, कांद्याची जाळी, तेलाचा डबा, सगळंच तसं. इथला माल हातात धरून न्यायच्या मापाचा नाही. तो डिकीच्या मापाचा आहे. अर्ध्या लिटरची पिशवी रोज आणणं आणि कॅन आठवड्यातून एकदा आणणं, या दोन वेगळ्या राहण्याच्या रीती आहेत, आणि त्यांतली दुसरी गाडीशिवाय जमत नाही.

टेक्सासचं ऊन मराठवाड्यासारखंच. चाळिशी पार करणारं. फरक एवढाच, की आमच्याकडं वाटेत लिंबाची सावली मिळते, दुकानाचं छप्पर पुढं आलेलं असतं, कुणाच्या तरी ओट्यावर टेकता येतं. इथं त्या दुपारी सावली फक्त गाड्यांच्या आत होती. कॅन या हातातून त्या हातात करत मी परतत होते तेव्हा एक गाडी हळू झाली. काच खाली गेली. आतल्या वयस्कर बाई विचारत होत्या, गाडी बंद पडली का, कुठं सोडू का? त्यांच्या आवाजात खरी काळजी होती. मी आभार मानले आणि चालत राहिले. त्यांचा चांगुलपणा मला आजही आठवतो, आणि त्यांचा प्रश्नही. पायी चाललेली बाई म्हणजे अडचणीत सापडलेली बाई, हे त्यांनी गृहीतच धरलं होतं.

त्यानंतरचे दिवस मला जड गेले. इथं घरात सगळं होतं. पाण्याची ओढ नाही, वीज जात नाही, नवरा समजूतदार. तरीही काहीतरी हातातून निसटल्यासारखं वाटायचं आणि ते काय आहे ते सापडत नव्हतं. फोनवर आई विचारायची, “काय करूलालीस बाई?” आणि सांगायला माझ्याकडं काही नसायचं, कारण मी कुठं गेलेलीच नसायचे. हळूहळू उलगडलं. मला कोथिंबीर पाहिजे असेल तर ती आधी कुणाला तरी सांगावी लागत होती. मग त्याच्या वेळेत वेळ बसवावी लागत होती. नवरा कधी नाही म्हणाला नाही, पण विचारावं लागतंय, हेच खुपत होतं. अहमदपुरात दहा वर्षांची असताना ज्या कामाला मी एकटी जायचे, त्याच कामाला आता दुसऱ्याची सुट्टी लागत होती.

शहराची एक व्हॅनसेवा आहे. २०१३ मध्ये अर्लिंग्टनमध्ये एक बसमार्ग सुरू झाला होता, २०१७ च्या शेवटी तो बंद झाला आणि त्याच्या जागी या लहान व्हॅन आल्या. २०२१ पासून त्या शहरभर चालतात. फोनवरून मागणी नोंदवायची, जवळच्या कोपऱ्यावर जाऊन उभं राहायचं, वाटेत आणखी दोन-तीन माणसं चढतात. तिच्यामुळं मी पहिल्यांदा एकटी वाचनालयात गेले. ज्यांच्याकडं गाडी नाही त्यांना तिचा खरा आधार आहे. पण व्हॅन कधी येईल हे आधी ठरलेलं नसतं, आणि मी वापरत होते तेव्हा रविवारी ती नसायची. भाजीला फोडणी दिल्यावर हिंग संपलंय असं लक्षात आलं, तर व्हॅन बोलावून हिंग आणता येत नाही.

वाचनालयात मी या गावाचा इतिहास वाचायला घेतला. मला एकच गोष्ट शोधायची होती: हे असं का? वाटलं होतं, मोकळी जमीन भरपूर म्हणून गाव पसरलं असेल. पण १९०२ ते १९३४ या काळात डॅलस ते फोर्ट वर्थ विजेवर चालणारी रेल्वे धावत होती, आणि अर्लिंग्टन तिच्या वाटेवरचं गाव होतं. माणसं चालत स्टेशनवर येत आणि शहराला जात. म्हणजे आज जे नाही, ते एकेकाळी होतं. १९५० च्या जनगणनेत अर्लिंग्टनची वस्ती आठ हजारही नव्हती, आजच्या अहमदपुरापेक्षा कितीतरी लहान.

मग १९५१ मध्ये टॉम व्हँडरग्रिफ नावाचा पंचविशीतला तरुण महापौर झाला आणि १९७७ पर्यंत त्या पदावर राहिला. त्याच्या घरचा धंदाही मोटारी विकण्याचा. त्याच्या काळात १९५४ ला जनरल मोटर्सचा कारखाना चालू झाला, १९५७ ला डॅलस-फोर्ट वर्थ टोलरस्ता गावावरून गेला, १९६१ ला सिक्स फ्लॅग्ज हे करमणुकीचं उद्यान उघडलं. हाताला काम मिळालं, घरं वाढली. १९८० पर्यंत वस्ती एक लाख साठ हजारांवर गेली. हे सगळं गाव गाडी घरोघरी आल्यानंतर बांधलं गेलं, म्हणून त्याची मापं गाडीची आहेत.

त्यात आणखी एक गोष्ट. १९२६ मध्ये ओहायोतल्या युक्लिड गावाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की राहायचा भाग कुठला आणि धंद्याचा भाग कुठला हे गावाला कायद्यानं वेगळं ठरवता येईल. कारखान्याचा धूर घरांपासून लांब राहावा, हा हेतू चांगलाच होता. पण पुढं गावोगावी घरांच्या भागातून किराणा दुकान, टेलर आणि मेडिकलही बाहेर गेलं. त्यात प्रत्येक दुकानानं गाड्यांसाठी ठरावीक जागा ठेवलीच पाहिजे, असे नियम आले. मैदानं वाढली, दुकानं एकमेकांपासून लांब गेली. आमच्या गल्लीत खाली दुकान आणि वर बिऱ्हाड असतं. तसं बांधायचं म्हटलं तर इथं बऱ्याच ठिकाणी परवानगीच मिळत नाही. अर्लिंग्टनमध्ये बससेवेसाठी कर द्यायचा प्रस्ताव लोकांनी मतदानात फेटाळलाही आहे. ज्याच्या दारात गाडी आहे त्याला बसची गरज दिसत नाही, आणि ज्याला गरज आहे त्याचा आवाज लहान असतो.

हे वाचल्यावर माझ्या मनावरचं मोठं ओझं उतरलं. इतके दिवस वाटत होतं की मीच इथं रुळत नाही. खरं म्हणजे पायी माणूस धरून हे गाव आखलेलंच नव्हतं. हे कळल्यावर मी गाडी शिकायचं ठरवलं.

महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत ओळख झालेल्या एका ताईंनी शिकवायचं मनावर घेतलं. आधी लेखी परीक्षा, तीस प्रश्न, सत्तर टक्के बरोबर यावे लागतात. ती वाचून झाली. खरी शिकवणी रविवारी सकाळी, एका बंद दुकानाच्या मोकळ्या मैदानात. “आधी आरशात बघ, मग मान वळवून बघ,” ताई सारखं सांगायच्या. “आरशात दिसत नाही अशी जागा असते, तिथं सायकलवालं लेकरू असू शकतं.” इथं गाडी रस्त्याच्या उजवीकडून चालते, तेवढं अंगवळणी पडायला वेळ लागला. सिग्नल नसलेल्या बऱ्याच चौकांत चारी बाजूंना थांबायची पाटी असते. जो आधी आला तो आधी जातो, आणि एकत्र आले तर उजवीकडच्याला वाट देतात. कुणी हॉर्न वाजवत नाही. पोलीस नसतानाही माणसं पूर्ण थांबतात, हे मी आदरानं पाहिलं आणि शिकले. दोन खांबांच्या मध्ये फुटपाथला लागून गाडी लावायची परीक्षाही झाली, आणि परवाना हातात आला.

एकटीनं गाडी काढून दूध आणलं त्या दिवशी मला फार आनंद झाला, आणि तो खरा होता. आता मंदिर होतं, देसी दुकानातली ज्वारी होती, मैत्रिणीचं घर होतं. तापानं फणफणलेल्या लेकराला घेऊन या उन्हात दवाखान्यात पोचायचं असेल तर गाडीचं मोल कुणाला सांगावं लागत नाही. गाडीला नावं ठेवणाऱ्यांच्या बाजूची मी नाही.

पण चाकामागं बसल्यावर मला कूपर स्ट्रीट दुसऱ्या बाजूनं दिसला. ताशी पंचेचाळीस मैल म्हणजे बहात्तर किलोमीटर. या वेगात फुटपाथवरचं माणूस डोळ्याच्या कडेला क्षणभर येतं आणि जातं. या वेगाची धडक बसली तर पायी माणूस वाचणं अवघड असतं. २०२२ मध्ये अमेरिकेत साडेसात हजारांहून जास्त पादचारी रस्त्यांवर मेले, तोवरच्या चाळीस वर्षांतला सर्वांत मोठा आकडा. आता चौकात उजवीकडं वळताना मी दोन्हीकडं बघते, आणि गवतातल्या त्या मळवाटेवर कुणी दिसलं की थांबते.

मला जे उमगायचं होतं ते मात्र आई आल्यावर उमगलं. ती सहा महिन्यांसाठी आली होती. अहमदपुरात सकाळपासून संध्याकाळपर्यंत पायाला उसंत नसलेली बाई. इथं पहिल्या दिवशी तिनं विचारलं, “दुकान कुठं हाय?” मी गॅलरीतून पाटी दाखवली. “मग चालत जाऊ की, कितीक लांब हाय?” मी तिला तो चौक दाखवायला घेऊन गेले. बटण दाबलं, पांढरं चित्र लागलं. आईचे गुडघे दुखतात. आकडे संपले तेव्हा आम्ही चौथ्या लेनमध्ये होतो. गाड्या थांबून राहिल्या, कुणी ओरडलं नाही, पण आईचा हात माझ्या हातात घट्ट आवळलेला होता. त्यानंतर तिनं पुन्हा पायी जायचं नाव काढलं नाही.

मग ती आवारात फेऱ्या मारायची. शनिवारी आम्ही तिला ट्रिनिटी नदीकाठच्या रिव्हर लेगसी पार्कला न्यायचो. तेराशे एकरांच्या आसपासचं ते उद्यान आहे, गर्द झाडी, चालायला आणि सायकलला सिमेंटच्या सुंदर वाटा. आईला ते फार आवडलं. तिथं पोचायला मात्र गाडीच लागायची. एकदा चालता चालता ती म्हणाली, “फिरायला जागा लई हाय बाई, पर कामाला जायला वाट नाही.”

तिच्या या बोलण्यातच सगळं आलं. चालण्याचे फायदे म्हणून आपण वजन, साखर, हवा यांबद्दल बोलतो. ते खरंच आहे, पण दुय्यम आहे. पायी जाऊन रोजची कामं होतात त्या गावात म्हातारी, शाळकरी पोर, परवाना नसलेली नवी सून, गाडी न परवडणारा मजूर, यांतलं कुणीच दुसऱ्याच्या मर्जीवर राहत नाही. गाडी चालवू शकणाऱ्या माणसाला हा फरक जाणवत नाही. आई अहमदपुरात घर चालवते. अर्लिंग्टनमध्ये तीच आई पाहुणी होती, सहा महिने पाहुणीच राहिली. तिचं वय तेच, गुडघेही तेच होते. गाव बदललं होतं.

अमेरिका सगळीकडं अशीच आहे असं मात्र नाही. न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीत माझी एक मैत्रीण राहते. तिथं जर्नल स्क्वेअर स्टेशनजवळ न्यूअर्क अॅव्हेन्यूवर देसी दुकानांची ओळच आहे. ती खाली उतरते, कढीपत्ता घेते, मिठाई घेते, आणि स्टेशनवरून न्यूयॉर्कची गाडी पकडते. तिच्या सासूबाई आल्या तेव्हा त्या दुसऱ्याच आठवड्यात एकट्या भाजी आणायला लागल्या. अर्लिंग्टनमध्येही विद्यापीठाच्या भागात चित्र निराळं आहे. तिथं त्याच कूपर स्ट्रीटवर पादचारी पूल आहेत आणि पोरं दिवसभर पायी फिरतात. देश एक, कायदे बरेचसे सारखे, पण कुणीतरी पायी माणसाचा विचार केला म्हणून फरक पडला. म्हणून नव्यानं परदेशी निघालेल्या मुलींना मी सांगते: घर बघताना भाडं आणि ऑफिसचं अंतर बघालच, पण मोठा रस्ता न ओलांडता दूध मिळतं का, हेही विचारा. घरात म्हातारं माणूस येणार असेल तर हाच प्रश्न आधी विचारा. आमचं पुढचं घर आम्ही असंच शोधलं. भाडं थोडं जास्त आहे, पण किराणा दुकान, वाचनालय आणि बाग एकाच बाजूला आहेत. आई पुन्हा येईल तेव्हा तिला माझी वाट बघावी लागणार नाही.

मध्ये अहमदपूरला जाऊन आले. या वेळी मी गाव वेगळ्या नजरेनं पाहिलं. नांदेड-लातूर राष्ट्रीय महामार्ग रुंद झालाय, त्याचं सगळ्यांना कौतुक आहे आणि ते रास्त आहे. पण तो ओलांडायला बाया लेकराचं बखोट धरून थांबलेल्या दिसल्या. दिवा नाही, बटण नाही, मध्ये उभं राहायला जागा नाही. थोडगा रोडला, लातूर रोडला, शेतांमध्ये नवे प्लॉट पडताहेत. आखणी छान, रस्ते मुरुमाचे, कमानीवर नगराचं नाव. पण दुकानाला जागा सोडलेली नाही, शाळा लांब, गावाकडं येणाऱ्या वाटेला फुटपाथ नाही. तिथं राहायला गेलेल्यांच्या घरी माणशी एक दुचाकी झालीय, आणि म्हातारी दारात बसलेली असते. बाजारात फुटपाथ आहे तिथं मोटारसायकली आणि दुकानांच्या पाट्या आहेत, म्हणून माणसं रस्त्याच्या मधून चालतात. ज्या गल्लीतून मी चिठ्ठी घेऊन जायचे, तिथली पोरं आता ऑटोत दाटीवाटीनं बसून शाळेला जातात, कारण आयांना त्यांना रस्त्यानं एकटं सोडवत नाही.

त्यांची भीती खोटी नाही. २०२२ मध्ये भारतात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसं गेली, त्यांतले जवळपास ३३ हजार पायी चालणारे होते. आपल्याकडं चालणं अजून टिकलंय ते कुणी सोय केली म्हणून नाही. दुकान, घर, शाळा आणि देऊळ पूर्वीपासून एकाजवळ एक आहेत, एवढ्याच बळावर ते टिकलंय. ती जवळीक मोडली, तर अर्लिंग्टनला जे व्हायला कारखाना, टोलरस्ता आणि पन्नास वर्षं लागली, ते आपल्याकडं एकेका प्लॉटिंगमधून होत जाईल. शिवाय अर्लिंग्टनमध्ये निदान गाड्या पाटीपाशी थांबतात. आपल्या वाट्याला लांबचं अंतर येईल आणि न थांबणारी गाडीही येईल.

तरी आपल्याकडं अजून वेळ आहे. अर्लिंग्टनला आता चौक अरुंद करायचा तर कोट्यवधी डॉलर लागतील. अहमदपूरला आज एवढंच लागेल: महामार्गावर शाळा आणि बसस्थानकाच्या जवळ ओलांडायची सुरक्षित जागा, बाजारात मोकळा फुटपाथ, नव्या वस्तीत किराणा आणि मेडिकलला जागा, आणि गावाकडच्या वाटेला दोन्ही बाजूंनी लिंबाची झाडं. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे शहराचा विकास आराखडा मंजूर होण्याआधी लोकांकडून हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात. तेव्हा माणसं अर्ज घेऊन जातात ते स्वतःच्या जमिनीवर आरक्षण पडलंय म्हणून. फुटपाथ हवा म्हणून अर्ज घेऊन आलेलं माणूस माझ्या पाहण्यात नाही.

म्हणून अहमदपुरातल्या माझ्या माणसांना माझं कळकळीचं सांगणं आहे. प्लॉट घेताना रस्ता किती फुटांचा, हे विचाराच, पण तिथून आईला एकटीनं पायी जाऊन गोळ्या आणता येतील का, हेही विचारा. उत्तर नाही असं आलं, तर तिथला गुंठा स्वस्त पडणार नाही. आणि आराखड्यावर हरकती मागवल्या जातील तेव्हा एक अर्ज पायी चालणाऱ्यांच्या नावानं द्या. मी तिथं नसले तरी माझी आई तिथं आहे, तिच्या सहीचा अर्ज आम्ही नक्की देणार आहोत.